विश्लेषण : तळे सर्वांचे, मग सहा बोयांची वाट कुणाची? ‘स्लॅलम’ वॉटर स्कीइंग आणि कॅनडातील तळ्यांचे नियम

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मे महिन्यातील ‘व्हिक्टोरिया डे’पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या ‘लेबर डे’पर्यंत तळ्याकाठच्या कॉटेजांचा हंगाम असतो. मस्कोका, हॅलिबर्टन, कवार्था या भागांतील तळी या काळात गजबजून जातात. पहाटे पाणी आरशासारखे स्थिर असते आणि नेमकी हीच वेळ एका पट्टीवर उभे राहून पाणी कापत जाणाऱ्या ‘स्लॅलम’ स्कीअरना हवी असते. पण तीच वेळ कयाक वल्हवणाऱ्यांना, गळ टाकून बसलेल्यांना आणि शांत झोप हवी असलेल्या शेजाऱ्यांनाही हवी असते. अशा वेळी तळ्यावर हक्क कोणाचा, बोट किती वेगाने न्यायची, पाण्यात खुणेचे बोये कोण मांडू शकतो, याची उत्तरे कायद्यात आहेत. मात्र ती अनेकांच्या समजुतीपेक्षा वेगळी आहेत.

स्लॅलम वॉटर स्कीइंग म्हणजे काय?

वॉटर स्कीइंगची सुरुवात 1922 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील लेक पेपिन या तळ्यावर झाल्याचे मानले जाते. राल्फ सॅम्युएलसन या 18 वर्षांच्या तरुणाने लाकडी फळ्या पायाला बांधल्या आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीला धरून बोटीमागे पाण्यावर उभे राहून दाखवले. पुढे या खेळाच्या स्लॅलम, ट्रिक्स आणि उडी अशा तीन शाखा झाल्या. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळला गेला, पण पदकांच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही.

स्लॅलममध्ये दोन नव्हे, एकच पट्टी असते. दोन्ही पाय तिच्यावर एकामागे एक बांधलेले असतात. बोट सरळ रेषेत जाते आणि स्कीअर तिच्या मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे झोके घेत सहा बोयांना बाहेरून वळसा घालतो. प्रमाणित कोर्सची लांबी 259 मीटर असते आणि वळणाचे बोये मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर अंतरावर असतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या फाटकातूनही जावे लागते. एकही बोया चुकला किंवा स्कीअर पडला, की फेरी तिथेच संपते.

पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर, तर महिलांसाठी ताशी 55 किलोमीटर असतो. ताशी 58 किलोमीटर वेगाने बोट हा कोर्स सुमारे 16 सेकंदांत पार करते. तेवढ्यात सहा वळणे घ्यायची असल्याने स्कीअरला बोटीपेक्षा बरेच जास्त अंतर कापावे लागते आणि पाण्याच्या मधल्या पट्ट्यात त्याचा वेग बोटीहून बराच अधिक होतो.

दोरी लहान झाल्यावर खेळ अवघड का होतो?

फेरी पूर्ण झाली की पुढच्या फेरीत वेग वाढवतात. गटाचा कमाल वेग गाठला की मग वेग तोच ठेवून दोरी कमी करत जातात. पूर्ण दोरी 18.25 मीटरची असते. त्यानंतर 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25 मीटर अशा पायऱ्या येतात. दोरीवरील वेगवेगळ्या रंगांच्या फाशांमुळे हे बदल चटकन करता येतात.

यातील मेख अशी, की बोया मध्यरेषेपासून 11.5 मीटरवर असतो. म्हणजे दोरी 11.25 मीटरची झाली, की ती बोयापर्यंत पोहोचतच नाही. उरलेले अंतर स्कीअरला स्वतःचे शरीर आणि हात ताणून भरून काढावे लागते. तोल जरा ढळला तरी तो पाण्यावर आपटतो. त्यामुळे बोटीचा वेग एका सेकंदासाठीही कमीजास्त होऊन चालत नाही. आता स्पर्धेच्या बोटींत त्यासाठी जीपीएसवर चालणारी वेगनियंत्रण यंत्रणा असते. पाण्यावर लाट असेल तर मात्र ही यंत्रणाही कामाची नाही. म्हणूनच स्लॅलमचे खेळाडू पहाट किंवा संध्याकाळ निवडतात आणि वादाचे मूळही तिथेच आहे.

तळ्यावर वेगमर्यादा कोण ठरवते?

कॉटेजच्या मालकाला अनेकदा वाटते, की आपल्या धक्क्यासमोरचे पाणी आपले. प्रत्यक्षात जमीन खासगी असली तरी नौकानयन होऊ शकणाऱ्या पाण्यावर सर्वांना वावरण्याचा हक्क असतो. स्थानिक नगरपालिकेलाही बोटींसाठी स्वतःचा नियम करता येत नाही. 1867 च्या राज्यघटना कायद्यातील कलम 91(10) नुसार ‘नौकानयन आणि जहाजवाहतूक’ हा विषय केंद्र सरकारकडे आहे. त्यामुळे तळ्यावरील बोटींची वेगमर्यादा ओटावातील परिवहन विभागाच्या, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट कॅनडा’च्या नियमांनी ठरते.

ओंटारिओसह काही प्रांतांत एक सरसकट नियम लागू आहे. किनाऱ्यापासून 30 मीटरच्या आत यांत्रिक बोटीचा वेग ताशी 10 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा तो नियम. त्यासाठी फलक लावलेला असण्याची गरज नाही. वॉटर स्कीइंगसाठी त्यात सवलत आहे : स्कीअरला ओढणारी बोट किनाऱ्याशी काटकोनात सरळ बाहेर निघत असेल किंवा तशीच परत येत असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. याचा अर्थ धक्क्यावरून थेट तळ्याच्या मध्याकडे निघता येते. पण किनाऱ्याला समांतर, शेजाऱ्यांच्या धक्क्यांना खेटून वेगाने जाता येत नाही.

एखाद्या तळ्यावर याहून कडक बंधन हवे असेल, तर स्थानिक प्रशासनाने लोकांशी सल्लामसलत करून केंद्राकडे अर्ज करावा लागतो. जनजागृती, सूचनाफलक, आपसांतील समझोता असे सौम्य उपाय करून पाहिले का, हेही दाखवावे लागते. मंजुरी मिळाली तर त्या तळ्याचे नाव नियमांच्या परिशिष्टात जाते. यांत्रिक बोटींना पूर्ण मनाई, इंजिनाच्या शक्तीवर बंधन, वेगमर्यादा किंवा स्कीअर ओढण्यास ठरावीक वेळेपुरतीच परवानगी, असे निरनिराळे प्रकार त्यात आहेत. ही प्रक्रिया वेळखाऊ असल्याने बहुतेक तळ्यांवर रहिवाशांच्या संघटना आधी आपसांत वेळा ठरवून घेतात. अशा समझोत्याला कायद्याचे बळ नसते, त्याचे यश शेजारधर्मावर अवलंबून असते.

स्कीअर ओढताना बोटीत कोण असलेच पाहिजे?

बोट चालवणाऱ्याने समोर पाहायचे असते, त्यामुळे मागे पाण्यात काय घडते हे त्याला दिसत नाही. म्हणून कॅनडाच्या लहान नौकांच्या नियमांनुसार चालकाशिवाय आणखी एक जण बोटीत हवाच. त्याचे काम एकच, स्कीअरवर नजर ठेवणे. मिनेसोटात बोटीला मागचे विस्तृत दृश्य दाखवणारा आरसा असेल तर असा निरीक्षक नसला तरी चालते. कॅनडात आरशाने काम भागत नाही.

बाकीचे नियमही अनुभवातूनच आले आहेत. ओढल्या जाणाऱ्या प्रत्येकासाठी बोटीत रिकामे आसन हवे, कारण तो थकला किंवा जखमी झाला तर त्याला आत घ्यावे लागते. जेट स्कीसारख्या वाहनाने स्कीअर ओढायचा असेल तर त्याला तीन आसने हवीत : चालक, निरीक्षक आणि स्कीअर यांच्यासाठी. सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यावर ते सूर्योदयापर्यंत कोणालाही ओढण्यास मनाई आहे. स्कीअरने जीवरक्षक जाकीट घातलेले नसेल तर त्याच्यासाठी एक जाकीट बोटीत असलेच पाहिजे. मात्र जाणकारांचा सल्ला ते अंगात घालण्याचाच असतो, कारण ताशी 50 किलोमीटरने पाण्यावर आपटल्यावर शुद्ध हरपली तर बोटीतले जाकीट उपयोगाचे नाही.

स्कीअर आणि निरीक्षक यांच्यात हातांच्या खुणांची भाषा चालते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यासमोरून हात फिरवला तर थांबा. पडल्यानंतर डोक्यावर दोन्ही हात जोडून दाखवले तर ‘मी ठीक आहे’. पाण्यात पडलेला माणूस दुसऱ्या बोटींना दिसत नाही, हा सर्वांत मोठा धोका. म्हणून बोट लगेच वळवून त्याच्याजवळ जाणे आणि त्याला आत घेताना इंजिन बंद करणे आवश्यक असते. फिरता पंखा ही या खेळातील सर्वांत जीवघेणी गोष्ट आहे.

बोट चालवण्यासाठी परवाना लागतो का?

15 सप्टेंबर 2009 पासून कॅनडात इंजिन असलेली कोणतीही हौशी बोट चालवणाऱ्याकडे क्षमतेचा पुरावा असणे बंधनकारक आहे. बहुतेक जण परीक्षा देऊन ‘प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड’ घेतात. 12 वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या देखरेखीविना 10 अश्वशक्तीपर्यंतची, तर 12 ते 16 वर्षांच्या मुलांना 40 अश्वशक्तीपर्यंतचीच बोट चालवता येते. स्कीअर ओढणाऱ्या बोटींची शक्ती याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे ‘पोरगा बोट चालवेल, मी स्की करतो’ हा कौटुंबिक बेत बऱ्याचदा नियमात बसत नाही.

टोरांटो परिसरातील मराठी कुटुंबे किंवा भारतातून उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेले पाहुणे शनिवार-रविवारसाठी कॉटेज आणि बोट भाड्याने घेतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. भाड्याच्या बोटीसाठी कार्ड नसेल तर बोट देणाऱ्याबरोबर सुरक्षेची तपासणी सूची भरून त्यावर सही करण्याचा पर्याय आहे. ती सूची भाड्याच्या मुदतीपुरता पुरावा मानली जाते. केवळ औपचारिकता म्हणून ती उरकली तर 30 मीटरचा नियम, निरीक्षकाची सक्ती या गोष्टी कळतच नाहीत. दारूबाबत सूट नाही : 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोल ही फौजदारी कायद्याची मर्यादा बोटीलाही लागू आहे आणि ओंटारिओत नशेत बोट चालवल्यास मोटारीचा परवानाही निलंबित होऊ शकतो.

तळ्यात स्लॅलमचे बोये मांडता येतात का?

येतात, पण मांडले म्हणजे ती जागा आपली होत नाही. खासगी बोयांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. बोया ठरावीक आकाराचा हवा, त्यावर ‘प्रिव्ह’ ही खासगी असल्याची अक्षरे आणि मालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी असला पाहिजे. तो नौकानयनात अडथळा ठरत असेल तर काढायला लावण्याचा अधिकार सरकारला आहे. बोयाला धडकून कोणाचे नुकसान झाले तर मालकाला जबाबदारीचा प्रश्न टाळता येत नाही.

शिवाय कोर्स 259 मीटरचा असला तरी दोन्ही टोकांना वेग घ्यायला आणि वळायला जागा लागते. सरळ, पुरेसा खोल आणि किनाऱ्यापासून दूर असा पट्टा लहान तळ्यावर क्वचितच मिळतो. म्हणून काही जण सराव संपल्यावर हवा सोडून पाण्याखाली बुडवता येणारा किंवा गुंडाळून नेता येणारा कोर्स वापरतात. हिवाळ्यात तळे गोठते, तेव्हा बर्फ बोये ओढून नेतो. त्यामुळेही ते काढावे किंवा खोल बुडवावे लागतात. गंभीर स्पर्धक मात्र अनेकदा खास खोदलेल्या खासगी तळ्यांकडे वळतात.

लाटांचा दोष स्कीअरचा की आणखी कोणाचा?

गेल्या काही वर्षांत किनारे ढासळणे, धक्क्यांचे नुकसान, गढूळ पाणी या तक्रारी वाढल्या आहेत. सगळ्या ‘ओढणाऱ्या बोटी’ एकाच मापाने मोजल्या जातात आणि येथेच गल्लत होते. स्लॅलमला लाट नकोच असते, त्यामुळे तिच्या बोटीचा तळ कमीत कमी लाट उठेल असा घडवलेला असतो. याउलट ‘वेकसर्फिंग’मध्ये बोट हळू चालवतात, टाक्यांत पाणी भरून तिचे वजन वाढवतात आणि मुद्दाम मोठी लाट तयार करतात.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नेहमीच्या बोटीची लाट 200 फुटांवर जेवढी असते, तेवढी खाली यायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला 500 फुटांहून अधिक अंतर लागते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने 2024 पासून अशा खेळांना किनाऱ्यापासून 500 फूट दूर, किमान 20 फूट खोल आणि सलग 50 एकर क्षेत्र असलेल्या पाण्यातच परवानगी दिली.

याचा अर्थ स्कीअर निर्दोष असा नव्हे. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर झळकणारा लून पक्षी पाण्याच्या अगदी काठाशी घरटे करतो आणि जवळून गेलेल्या वेगवान बोटीची लाटही अंडी वाहून नेऊ शकते. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर बोट नेताना तिच्याबरोबर उपद्रवी पाणवनस्पती आणि शिंपले जातात, म्हणून ओंटारिओत 1 जानेवारी 2022 पासून बोट रस्त्याने नेण्यापूर्वी पाणी काढून ती स्वच्छ करणे बंधनकारक आहे.

पुढे काय?

कॉटेज आणि बोटी वाढल्या, तळे मात्र तेवढेच राहिले. त्यामुळे परिशिष्टात आपल्या तळ्याचे नाव घालून घेण्याची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. पण बंदी सरसकट आली तर मोठ्या लाटा उठवणाऱ्यांबरोबर, तासभर स्थिर पाणी मागणारा स्लॅलमचा खेळाडूही बाहेर फेकला जाईल. दुसरीकडे, नियम पाळण्याची जबाबदारी खेळाडूंनी घेतली नाही, तर आपसांतल्या समझोत्यावर कोणाचाच विश्वास उरणार नाही. पोलिसांची गस्त प्रत्येक तळ्यावर रोज पोहोचू शकत नाही. किनाऱ्यापासून अंतर, बोटीत निरीक्षक, ठरलेली वेळ आणि सराव संपल्यावर बुडवलेले बोये, एवढे पाळले तरी बहुतेक तंटे सरकारदरबारी जाण्याआधीच मिटू शकतात.