ताप उतरला, पण डोकं अजून बरं होतंय

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशोब पाहिला. आज विषय वेगळा आहे.

आमच्या एका गटाच्या सचिव ताईंना गेल्या पावसाळ्यात मेंदूज्वर झाला. तीन आठवडे दवाखान्यात होत्या. घरी आल्या, चालू-फिरू लागल्या. मीच म्हटलं, "ताई, या आता बैठकीला," आणि बचतीची वही त्यांच्यापुढे ठेवली. पाच वर्षं वही सांभाळलेल्या बाईला बारा जणींची बेरीज जमेना. कुणीतरी हसलं. पुढचे दोन महिने ताई आल्याच नाहीत. चूक माझी होती. बाई चालते म्हणजे बरी झाली, असं मी धरून चालले.

मेंदूज्वरात जंतूंमुळे मेंदूला सूज येते. ताप गेला तरी लक्ष, आठवण, बोलणं सांभाळणारा भाग दुखावलेला राहू शकतो. मोडलेल्या हाताला प्लास्टर दिसतं, इथे काहीच दिसत नाही. मग घरचे म्हणतात, आळशी झाली, चिडकी झाली, सोंग करते. ते सोंग नसतं. थोडं बोललं तरी ती थकते, गोंगाट सहन होत नाही, नेमका शब्द सापडत नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पण पुढे वर्ष-दोन वर्षंही हळूहळू होत राहते. काहींना थोडी अडचण कायमची राहते, हेही खरं.

घरी काय करायचं? सगळ्यात आधी परीक्षा घेणं बंद. येणारा-जाणारा विचारतो, "ओळखलंस का मला? सांग मी कोण?" नाही सांगता आलं की ती बिचारी खचते. त्यापेक्षा आपणच सांगावं, "मी तुझी धाकटी जाऊ, भाजी घेऊन आले." शब्द अडला तर थांबावं, घाईने वाक्य पुरं करू नये. फारच अडलं तर पहिलं अक्षर सुचवावं.

एका वेळी एकच काम सांगा. "चहा ठेव, दूध बघ, पोराला उठव" असं एका दमात नको. चहाचंच घ्या. आधी पाणी, मग साखर, मग पत्ती. रोज त्याच क्रमाने, डबे त्याच जागी. सुरुवातीला शेजारी उभं राहा, हळूहळू मागे व्हा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषधाची वेळ, दवाखान्याची तारीख लिहा. जमणारी कामं तिच्याकडून काढून घेऊ नका. तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं हाही मेंदूचा व्यायामच. दुपारी झोप हवीच. टीव्ही बंद ठेवून बोला.

झटके आले असतील तर चुलीपाशी, विहिरीवर, नदीवर एकटीला पाठवू नका. झटक्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. पुन्हा ताप, जोराची डोकेदुखी, झटका किंवा गुंगी दिसली तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न घालवता 108 ला फोन करा.

मुलांबाबत एक सांगते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं सरकारी केंद्र असतं, आशाताईंना विचारा. मोठ्यांना अडचण कायम राहिली तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते. 2016 च्या कायद्यात मज्जासंस्थेचे जुनाट आजारही धरलेले आहेत.

आणि सांभाळणारी? आमच्या ताईंची सासू दिवसरात्र एकटी होती, तिलाच चक्कर आली तेव्हा आमचे डोळे उघडले. मग गटाने पाळी लावली. रोज एक जण तासभर ताईंपाशी बसते, तेवढ्यात सासूबाई आंघोळ उरकून जरा पडतात.

ताई आता बैठकीला येतात, अर्धा तास बसतात. वही दुसरी लिहिते. ताई हजेरीची नावं वाचतात. मागच्या सोमवारी एक नाव अडलं, सगळ्या गप्प बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनीच ते नाव घेतलं.