एक रान, तीन मुख्यालये

भीमगड अभयारण्याची फाईल बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधील अरण्य भवनात जाते, तिळारीची नागपूरच्या वनभवनात आणि म्हादईची पणजीत. रान मात्र सह्याद्रीच्या एकाच पट्ट्यातले आहे. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई नदी ज्या वाटेने गोव्यात उतरते, त्याच वाटेने वाघही ये-जा करतो.

कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांनी आपापला तुकडा जपला, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या दर्जाने. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झाले, सुमारे 208 चौरस किलोमीटरचे. भीमगड 2011 मध्ये, सुमारे 190 चौरस किलोमीटरचे. तिळारीला 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिचे क्षेत्र 30 चौरस किलोमीटरही भरत नाही.

हे दर्जे समजून घ्यायला हवेत. अभयारण्य राज्य सरकार जाहीर करते. संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून होते. व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचनाही राज्यच काढते, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या शिफारशीवरून. 2006 च्या कायदादुरुस्तीने हे प्राधिकरण आले. त्यामुळे व्याघ्र प्रकल्पात दिल्लीचा निधी येतो आणि दिल्लीची देखरेखही. एकदा झालेला प्रकल्प राज्याला परस्पर रद्द करता येत नाही. केंद्र-राज्य ताण नेमका इथे सुरू होतो.

जानेवारी 2020 मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. रानात राहणाऱ्या कुटुंबांचे काय, हा सरकारचा सवाल होता, आणि तो खोटा नाही.

व्याघ्र प्रकल्प व्हायलाच हवा, असे मला वाटते. पण नुसत्या अधिसूचनेने वाघ वाचणार नाही. गाय मेली की वनरक्षक किती वेळात पोचतो, पंचनामा कधी होतो, भरपाई किती दिवसांत हाती पडते, यावर तो वाचेल. आणि सीमेवरच्या चोर्ला घाटात वाघाचा ठसा दिसला, तर ती खबर तीन मुख्यालये फिरून न येता थेट शेजारच्या राज्याच्या वनरक्षकाला त्याच संध्याकाळी मिळायला हवी. गोठा आणि घाट जोडणारी ही व्यवस्था उभी राहिली, तरच वरच्या फायलींना अर्थ आहे.