स्लॅबचे घनफळ आणि सिमेंटची पोती

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत घनफळ शिकविताना लाकडी ठोकळा व पाण्याची टाकी हीच उदाहरणे पुनःपुन्हा दिली जातात. वास्तविक गावात कोणाच्या घरावर स्लॅब पडावयाचा असतो, तेव्हा हेच प्रकरण मुलांच्या डोळ्यांसमोर उभे असते. आणि तेथील हिशेबाची चूक त्या कुटुंबास महाग पडते. सिमेंट मध्येच संपले, तर मजूर बसून राहतात, आधी पडलेला थर घट्ट होऊ लागतो, आणि पुढे सांध्यातून पावसाचे पाणी झिरपते. उलट जास्त आणलेली पोती पावसाळ्याच्या दमट हवेत निकामी होतात.

समजा, २० फूट लांब व १५ फूट रुंद जागेवर ५ इंच जाडीचा स्लॅब टाकावयाचा आहे. पुष्कळ मुले २० × १५ × ५ असा गुणाकार करून १,५०० घनफूट उत्तर काढतात. शिक्षकाने लगेच चूक दाखवू नये. एवढ्या काँक्रीटचे छत पाच फूट जाड होईल, हे मुलांनाच भिंतीवर मापून पाहू द्यावे. इंचांचे फूट केले की जाडी ५/१२ फूट व घनफळ १२५ घनफूट येते. (मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तथापि गवंडी अद्याप फूट-इंचांतच बोलतो, म्हणून ही मापे मुलांस परकी राहू नयेत.)

हे १२५ घनफूट तयार काँक्रीटचे माप होय. तेवढाच कोरडा माल पुरत नाही, हे मुलांस सहसा पटत नाही. त्यासाठी वर्गात दोन वाट्या खडी व एक वाटी वाळू एकत्र कालवून दाखवावी. मिश्रण तीन वाट्या भरत नाही. खडीमधील पोकळीत वाळू शिरते, वाळूमधील पोकळीत सिमेंट बसते, आणि ठोकल्यावर हवा निघून जाते. म्हणून कोरडा माल सुमारे १.५४ पट धरतात. हा आकडा अनुभवाने ठरलेला असून मालाप्रमाणे थोडा बदलतो.

१२५ × १.५४ = १९२.५ घनफूट. स्लॅबसाठी सिमेंट १, वाळू १॥ व खडी ३ हे प्रमाण घेतल्यास एकूण ५॥ भाग होतात, आणि एक भाग ३५ घनफुटांचा येतो. पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे १.२२५ घनफूट सिमेंट असते, तेव्हा २८.६ पोती लागतील. वाळू ५२॥ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून किंचित अधिक, व खडी १०५ घनफूट, म्हणजे एका ब्रासहून थोडी अधिक.

स्लॅबखालची तुळई अनेकजण विसरतात. ९ इंच रुंद, स्लॅबखाली १ फूट खोल व १५ फूट लांब अशा एकाच तुळईने अडीच पोती वाढतात. सांडलवंडीसाठी शेकडा पाच धरले, म्हणजे ३३ पोती सांगावीत. वाळूबाबत एक सावधगिरी हवी: ओलसर वाळू फुगते, कधी चौथाईहूनही अधिक, तेव्हा ब्रासच्या मापाने घेतलेली वाळू प्रत्यक्षात कमी भरते.

वर्गासाठी उदाहरण: एका पोत्याएवढा माल मोजण्याची लाकडी पेटी आतून १४ इंच लांब व १४ इंच रुंद करावयाची आहे, तिची उंची किती इंच ठेवावी? (उत्तर: १०.८)