जहाजावरील बिल आणि घरांतील न्याय

कोल्हापूरकरास कर देण्याचें वावडें आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु तो कर कशाबद्दल द्यावयाचा, हें विचारल्यावांचून तो खिशांत हात घालीत नाहीं, हें मात्र खरें. शहरांतील अंतर्गत रस्त्यांसाठीं टोल बसला, तेव्हां प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्यापासून तालमींतल्या पोरांपर्यंत सारें गांव रस्त्यावर उतरलें, आणि २०१५ च्या अखेरीस शासनानें तो टोल रद्द केला. ‘हा पैसा कोणाला, आणि कशाचा?’ हा प्रश्न त्या दिवसांत आमच्या पेठेंतील शाळकरी मुलासही पाठ झाला होता. दुर्दैवानें तोच प्रश्न आम्हांस भूमध्य समुद्रावर ऐन वेळीं सुचला नाहीं. आणि त्यापायीं आमच्या हातून घरांतल्याच एका माणसावर अन्याय झाला. तसा प्रसंग आमच्या वाचकांच्या घरीं येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.

गेल्या कांहीं वर्षांत ‘क्रूझ’ म्हणजे जलपर्यटन ही गोष्ट केवळ धनिकांपुरती राहिलेली नाहीं. मुलें नोकरीनिमित्त चहूंकडे पांगलेलीं असतात. तेव्हां आठ दिवस तरी सर्वांनीं एका छपराखालीं राहावें, म्हणून चिरंजीव जहाजाचीं तिकिटें काढतात. आमच्याकडेही तसेंच झालें. आम्ही उभयतां, दोन्ही चिरंजीव, दोघी सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू असे सातजण बार्सिलोनाहून सात रात्रींच्या सफरीस निघालों. मार्सेय, जिनोआ, लिव्होर्नो व नेपल्स हीं बंदरें करून जहाज पुन्हां बार्सिलोनास यावयाचें होतें. राहणें, जेवण, करमणूक सारें तिकिटांत आलें, अशी आमची समजूत. जहाजावर रोख पैशाचा व्यवहार नाहीं. प्रत्येकास एक कार्ड मिळतें, तें दाखविलें कीं खर्च खोलीच्या खात्यावर पडतो. आमचीं सर्वांचीं खातीं थोरल्या चिरंजीवांच्या क्रेडिट कार्डास जोडलेलीं होतीं.

शेवटच्या रात्रीं बिल हातीं आलें तें ७६८ युरो ६० सेंटांचें. एका युरोस शंभर रुपये धरले, तरी सुमारें ७७ हजार रुपये! सफरभर आम्हां वडील मंडळींची कॉफी, नातवाचें आइस्क्रीम, जेवतांना लागणाऱ्या पाण्याच्या बाटल्या हें सारें धाकट्या सूनबाईच आणीत असत. शिवाय त्यांनीं एक शाल व घरच्या मंडळींसाठीं कांहीं किरकोळ वस्तु घेतल्याचें आम्हीं पाहिलें होतें. कसलीही चौकशी न करतां, सर्वांच्या देखत, ‘पै पै जोडून चाललेल्या घरांत असा सैल हात शोभत नाहीं,’ असें आम्ही बोलून गेलों. ती मुलगी उलट कांहीं बोलली नाहीं. खोलींत गेली आणि एक लहानशी वही घेऊन आली.

“बाबा, मी रोजचें रोज लिहून ठेवलें आहे. माझ्या हातून एकंदर १८० युरो गेले. बाकीचे कशाचे, तें मलाही कळलें नाहीं.”

मग आम्ही चष्मा लावून मध्यरात्रीपर्यंत त्या बिलाचा अन्वय लावीत बसलों. खरेदी १८० युरोंचीच होती: १२० खाण्यापिण्याचे, ६० वस्तूंचे. खाण्यापिण्यावर शेंकडा १५ प्रमाणें सेवा-आकार १८ युरो. खाण्यापिण्यावर शेंकडा १० व वस्तूंवर शेंकडा २१ मिळून कर २४ युरो ६० सेंट. आणि उरलेले तब्बल ५४६ युरो ‘दैनिक सेवाशुल्क’ या एकाच ओळींत होते: मोठ्या माणसास रोज १२ युरो, नातवास ६. हें शुल्क तिकिटाच्या अटींत छापलेलें होतें. आम्हींच तें वाचलें नव्हतें. म्हणजे ज्या रकमेबद्दल आम्हीं सूनबाईंस दोष दिला, तिचा चौथा हिस्साही त्यांचा नव्हता. आणि त्या हिश्शांतल्या कॉफीचे कितीएक पेले आमचेच होते!

या प्रकरणावरून आम्हांस जें समजलें तें असें. परदेशच्या बिलांतील प्रत्येक ओळीस तीन प्रश्न विचारावे: पैसा कोण घेतो? कशाबद्दल घेतो? आणि न देण्याची मुभा आपणांस आहे काय? एवढ्यानें कर, आकार आणि बक्षिसी या तीन निराळ्या गोष्टी निराळ्या दिसूं लागतात.

प्रथम कर. बिलावर ‘आय-व्ही-ए’ अशीं जीं अक्षरें दिसतात, तो स्पेन व इटली या देशांचा मूल्यवर्धित कर. आपल्याकडील वस्तु-सेवा-कराचा भाऊबंदच म्हणा ना. त्याचा सर्वसाधारण दर स्पेनमध्यें शेंकडा २१, इटलींत २२, फ्रान्समध्यें २०, ग्रीसमध्यें २४ आहे; खाद्यपदार्थांवर पुष्कळ ठिकाणीं तो कमी असतो. आतां जहाज तर पाण्यावर, मग कर कोणत्या देशाचा? युरोपीय संघाचा नियम असा कीं, सफर संघांतील बंदरांमधूनच होत असेल, तर जहाजावर विकलेल्या मालास व अन्नास जेथून जहाज निघालें त्या देशाचा कर लागतो. आमचीं सारीं बंदरें संघांतलीं, आणि निघालों स्पेनहून. म्हणून नेपल्सपाशीं घेतलेल्या शालीवरही कर स्पेनचा. वाटेंत तुर्कस्तानांतील कुशादासी किंवा मॉन्टेनेग्रोंतील कोटोर यांसारखें संघाबाहेरचें बंदर आलें, तर हिशेब पालटतो. त्यामुळें त्याच जहाजावर तोच सरबताचा पेला एका सफरींत कराचा व दुसरींत बिनकराचा असूं शकतो. शेजारच्यांस कर लागला नाहीं आणि आपणांस लागला, म्हणजे कोणी फसविलें, असें समजण्याचें कारण नाहीं.

यांतला थोडा कर परतही मिळतो. किनाऱ्यावरील दुकानांत घेतलेला माल न वापरतां स्वदेशीं नेणाऱ्या परकीय प्रवाशास तो परत मागतां येतो. फ्रान्समध्यें एका दुकानांतील खरेदी १०० युरोंवर गेली पाहिजे. इटलींत २०२४ पासून ७० युरोंवर गेली तरी चालतें. स्पेनमध्यें किमान मर्यादाच नाहीं. दुकानांतच पारपत्र दाखवून कागद करून घ्यावा, आणि संघाबाहेर पडण्याच्या शेवटच्या ठिकाणीं, बहुधा विमानतळावर, जकात-अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी. खाल्लेल्या अन्नावरचा कर मात्र पोटांतच राहतो.

दुसरा कर बंदरांचा व नगरांचा. ग्रीसनें जुलै २०२५ पासून जहाजानें येणाऱ्या प्रवाशांवर शुल्क बसविलें. सँटोरिनी व मिकोनोस या दोन बेटांवर जून ते सप्टेंबर या गर्दीच्या महिन्यांत तें माणशीं २० युरो ठरलें, इतर बंदरांत पुष्कळच कमी. व्हेनिस नगरीनें एप्रिल २०२४ पासून ठराविक गर्दीच्या दिवशीं, मुक्काम न करतां केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. बार्सिलोनाच्या करांत तर एक मौज आहे: बारा तासांहून कमी थांबणाऱ्या जहाजी प्रवाशावरचा मूळ दर अधिक थांबणाऱ्यापेक्षां जास्त ठेवला आहे. थोडें थांबणारा अधिक कां द्यावा? कारण उघड आहे. एकेक जहाज तीन-चार हजार माणसें एका सकाळीं गांवांत सोडतें. तीं जेवतात जहाजावर, निजतात जहाजावर. गांवाच्या वांट्यास गल्लीबोळांतली गर्दी आणि कचरा तेवढा येतो. नवरात्रांत महाद्वार रोडवर राहणाऱ्या माणसास हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. हे नगरकर पुष्कळदां ‘बंदर-कर’ या सदराखालीं तिकिटांतच धरलेले असतात, कधीं मागाहून बिलांत येतात. तिकीट काढतांनाच तें विचारावें.

आतां कंपनीचे आकार. सेवाशुल्क हें कोणत्याही सरकारचें नव्हे. तें कंपनी आपल्या सेवकांच्या नांवें घेते. बहुतेक जहाजांवर तें माणशीं रोज १२ ते २० युरो वा डॉलरांच्या घरांत असतें. कांहीं कंपन्या तें स्वागतकक्षांत सांगून कमी करूं देतात, कांहीं देत नाहींत. आमचें मत असें कीं, सेवकांनीं मन लावून सेवा केली असेल, तर तें कापूं नये. परंतु घरच्या हिशेबांत तें तिकिटाच्या किंमतींत आरंभींच मिळवावें. सातजणांची आठवड्याची ही रक्कम लहान नाहीं. मोबाईल समुद्रावर जहाजाचें स्वतःचें जाळें धरतो व त्याचा दर भयंकर असतो. म्हणून जहाज सुटतांच तो ‘फ्लाइट मोड’वर टाकावा. जहाजावर चढतांच खर्चापोटीं कार्डावरील कांहीं रक्कम अडकवून ठेवतात. तो खर्च नव्हे, ती पुढें मोकळी होते.

किनाऱ्यावरील सहलींचेंही तसेंच. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारें ९० किलोमीटर. कंपनीच्या सहलीस पैसे बरेच पडतात, त्यांत शहरांत शिरणाऱ्या पर्यटक-बसवरील शुल्कही मिसळलेलें असतें. आगगाडी फार स्वस्त. परंतु कंपनीची बस उशिरा आली तर जहाज थांबतें, आपण स्वतः गेलेलें असल्यास थांबत नाहीं. हा जादा पैसा त्या हमीचा आहे. आम्ही आगगाडीनेंच गेलों, कारण आम्हांस कोल्हापूरकर या नात्यानें एका ठिकाणीं जावयाचें होतें. आपले छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासांतून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें ऐन विशींत निवर्तले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांस अग्नि दिला गेला. तेथें कास्चिने नांवाच्या उद्यानाच्या टोकास १८७४ सालीं त्यांची छत्री व अर्धपुतळा उभारला. छत्रीची रचना मेजर मँट यांची, ज्यांनीं पुढें कोल्हापुरांतील नव्या राजवाड्याचा आराखडा केला. साऱ्या सफरींत तिकीट, कर वा आकार न घेणारें स्थळ आम्हांस हें एकच भेटलें. आणि सर्वांत अधिक वेळ आम्ही तेथेंच उभे होतों.

समुद्रावरचा हिशेब येथें संपतो, घरचा राहिला. सफरीच्या रकमेवर यात्रा-कंपनी शेंकडा ५ वस्तु-सेवा-कर लावते. शिवाय ‘टी. सी. एस.’ नांवाची एक रक्कम घेते. तिचे दर वारंवार बदलले आहेत: ऑक्टोबर २०२० पासून शेंकडा ५, ऑक्टोबर २०२३ पासून वर्षास ७ लाखांवरील रकमेस शेंकडा २०, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पांत सरसकट शेंकडा २. ही रक्कम खर्ची पडत नाहीं, हें पुष्कळांस माहीत नसतें. ज्याच्या पॅन क्रमांकावर ती भरली गेली, त्याच्या नांवें ती आयकर खात्यांत जमा असते. प्राप्तिकराचें विवरणपत्र भरलें कीं करांत वळती होते, किंवा परत मिळते. आम्हां पेन्शनर मंडळींपैकीं कित्येकजण कर लागत नाहीं म्हणून विवरणपत्रच भरीत नाहींत, आणि हक्काचा पैसा तसाच पडून राहतो. तिकीट वडिलांच्या नांवें काढलें असेल, तर विवरणपत्रही वडिलांनींच भरावें. कार्डानें परकीय चलनांत खर्च केल्यास पुष्कळ बँका शेंकडा साडेतीनपर्यंत आकार लावतात, व त्या आकारावर पुन्हां शेंकडा १८ कर. दुकानदारानें ‘रुपयांत घेऊं कां युरोंत?’ असें विचारल्यास युरोच सांगावे. रुपयांचा भाव तो आपल्या सोयीचा लावतो.

हें सारें कोणास आधुनिक लुबाडणूक वाटल्यास त्यानें कौटिल्याचें अर्थशास्त्र काढून पाहावें. दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्ष व नावध्यक्ष असे दोन अधिकारी सांगितले आहेत. व्यापाऱ्यानें पत्तनाचें शुल्क द्यावें, राजनौकेंतून जाणाऱ्यानें यात्रावेतन द्यावें. वादळांत सांपडलेल्या नौकेस मात्र पित्याप्रमाणें आश्रय द्यावा, आणि भिजलेल्या मालाचें शुल्क माफ करावें वा निम्में घ्यावें. नदी उतरतांना ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रुग्ण व गर्भिणी यांस नावध्यक्षाच्या मुद्रेवर मोफत जातां येई. आजच्या बंदरांत ब्राह्मणास सवलत नाहीं, हें योग्यच आहे. पण वृद्धासही बहुधा ती नाहीं, हें आम्हांस किंचित् लागलें, हें कबूल करतों. सांगावयाचें इतकेंच कीं, बंदरावर पैसा देणें ही रीत जुनी. तो कशाचा हें जाणून देणें, हाच शहाणपणा.

असो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्व मंडळी न्याहारीस जमलीं, तेव्हां आम्हीं बिलाचा उलगडा वाचून दाखविला आणि ज्यांच्या देखत बोललों होतों त्यांच्याच देखत सूनबाईंची क्षमा मागितली. चाळीस वर्षें मुलांचीं गणितें तपासलीं. रीत न पाहतां उत्तरावरून गुण द्यावयाचे नाहींत, हा आमचा नियम. तो घरांत मोडला, ही चूक आमचीच. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “बाबा, पुढच्या खेपेस वही तुम्ही ठेवा.”

ती वही आतां आमच्याकडे आहे. पहिल्या पानावर तीन रकाने आंखले आहेत: सरकारचा कर, कंपनीचा आकार, आपला खर्च. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें निघण्यापूर्वीं असें एक पान आंखावें, व सर्वांनीं मिळून तें भरावें. म्हणजे बिल कितीही येवो, घरांतल्या माणसावर त्याचें खापर फुटणार नाहीं.