ज्याला खुर्ची नाही

बालरोगतज्ज्ञाचा निम्मा दिवस औषधे लिहिण्यात जातो आणि निम्मा वाटाघाटीत. मुलाला दाखल करावे की घरी पाठवावे, सुई द्यावी की तोंडावाटे औषध, शाळा किती दिवस बुडवावी, या प्रत्येक प्रश्नावर आई, वडील, आजी आणि डॉक्टर असे चार पक्ष उभे राहतात. ज्याच्यासाठी हे सारे चालले असते, ते मूल मात्र वजनकाट्यावर उभे राहून काटा हलवण्यात दंग असते. त्याचे मत कोणी विचारीत नाही. ते आपणच ओळखून मांडायचे, हे आमच्या शाखेचे पहिले व्रत.

वाटाघाटीचे हे काम आता संगणकही करू लागले आहेत. ज्या प्रणाली ते करतात, त्यांना सॉफ्टवेअर एजंट म्हणतात. मालकाने आपली पसंती आणि मर्यादा सांगायची. पुढे एजंटने समोरच्या पक्षाशी किंवा त्याच्या एजंटशी प्रस्ताव-प्रतिप्रस्ताव करीत करार गाठायचा. २०१० पासून अशा एजंटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. वॉलमार्टसारख्या कंपनीने २०२१ मध्ये काही पुरवठादारांशी बोलणी करण्याचे काम अशा प्रणालीवर सोपवून पाहिले.

मुद्दा एकच असेल, तर काम सोपे. म्हापशाच्या बाजारात इसवणाचा भाव ठरावा, तसे दोघे मध्ये कुठेतरी भेटतात. मुद्दे अनेक आणि एकमेकांत गुंतलेले असले, की खरी कसोटी लागते. पेडणे आणि डिचोलीच्या वाचकाला त्यासाठी दूर जायला नको. तिळारी धरण आठवावे. दोडामार्ग तालुक्यातील या प्रकल्पासाठी गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात १९९० मध्ये करार झाला. खर्चाचा ७३.३ टक्के वाटा गोव्याचा आणि २६.७ टक्के महाराष्ट्राचा ठरला. पेडणे, डिचोली आणि बार्देश या तालुक्यांना कालव्यांनी पाणी मिळायचे. जमीन मात्र पलीकडची बुडायची. पाणी, पैसा, जमीन, कालव्याची वाट, पुनर्वसन, यांतला एक मुद्दा हलवला, की बाकीचे सारे हलतात.

अशा गुंतागुंतीचा एक अभ्यास एमआयटीतील मार्क क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी होय-नाही स्वरूपाचे १०० परस्परावलंबी मुद्दे घेतले. त्यांतून संभवणाऱ्या करारांची संख्या एकावर तीस शून्ये इतकी होते. सगळे तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून एक मध्यस्थ प्रणाली नमुना करार पुढे ठेवी, दोन्ही एजंट मत देत, आणि दोघांचा होकार मिळाला, की त्यात एखादा बदल करून ती पुन्हा विचारी. एक एजंट हट्टी: आधीपेक्षा स्वतःचा लाभ वाढला, तरच होकार. दुसरा उदार: सुरुवातीला थोडे नुकसानही सोसणारा, पुढे हळूहळू काटेकोर होणारा. दोघेही उदार असले, तर दोघांच्या मिळून हिताचा करार अधिक चांगला निघे. मात्र एक हट्टी आणि एक उदार असला, तर हट्टी जिंके आणि उदाराचे नुकसान होई. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणालाही हा निष्कर्ष नवा वाटणार नाही.

२०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दोन एजंटांना पुस्तके, टोप्या आणि चेंडू वाटून घ्यायला बसवले. एजंट एक युक्ती आपसूक शिकले: नको असलेल्या वस्तूसाठी आधी हट्ट धरायचा आणि मग मोठेपणाने ती सोडून द्यायची. चार वर्षांच्या मुलाच्या आईला यात आश्चर्य वाटायचे कारण नाही.

तरीही या प्रणालींची खरी मर्यादा लबाडी ही नव्हे. ज्याची पसंती एजंटला सांगितलेलीच नाही, तो त्या हिशेबात अस्तित्वातच नसतो. तिळारीत आयनोडे, सरगवे, शिरंगे या गावांची घरे पाण्याखाली गेली. करार दोन सरकारांचा होता. विस्थापितांचा नोकरीचा आग्रह पुढे कित्येक वर्षे चालला आणि अखेर एकरकमी पैशांवर येऊन थांबला. तेथे यंत्र नव्हते, माणसेच होती. यंत्र ही उणीव भरून काढील असे मानण्यास आधार नाही. ते ती अधिक वेगाने पुढे नेईल एवढेच.

हे मला पटले ते एका साध्या प्रसंगातून. पेडण्याच्या आतल्या गावातील तीन वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने दाखल होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजनचे प्रमाण सुधारले, आणि एका विमा कंपनीच्या संगणकाने पुढील दिवसांची मंजुरी नाकारली. त्याच्या नमुन्यात ताप, श्वास, रक्ततपासणी आणि खर्च यांना रकाने होते. मुलाची आई रात्रपाळीला जाते आणि घरी फक्त दृष्टी अधू झालेली आजी असते, याला रकाना नव्हता. आजी म्हणाली, “दोतोर, घरा व्हरतां, पूण राती पळयतलो कोण?” हा प्रश्न वैद्यकीयच होता. रात्री दम वाढला, तर तो ओळखणार कोण?

मी दूरध्वनी केला. तीन वेळा ध्वनिमुद्रित आवाज ऐकल्यावर एक माणूस भेटला. त्याने प्रश्न ऐकून घेतला आणि दोन दिवस मंजूर केले.

उद्या रुग्णालयाचा एजंट आणि विमा कंपनीचा एजंट क्षणार्धात आपापसांत करार करतील. त्यातून वेळ वाचेल, कागद कमी होतील, आणि मी त्याचे स्वागतच करीन. आपल्या संघटनेने एवढाच आग्रह धरावा, की प्रत्येक नकारानंतर जिवंत माणसाशी बोलण्याचा मार्ग खुला राहावा आणि नमुन्यात ‘घरी काळजी कोण घेईल?’ हा रकाना असावा. वजनकाट्यावरच्या मुलाला खुर्ची नाही. त्याची बाजू मांडणारा कोणीतरी खुर्चीवर असायलाच हवा.