म्हैसाळचं पाणी, म्हैसाळचा ओढा

सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्यात म्हैसाळचं नाव निघालं की आधी पाणी आठवतं. कृष्णेचं पाणी तिथून उपसायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढावर आणून या कोरड्या पट्ट्याला द्यायचं, ही योजना 1980च्या दशकातली. मग वाट पाहण्यात वर्षं गेली. वीजबिल थकलं की पंप बंद, आवर्तनासाठी मोर्चे. तरी पाणी आलं, द्राक्षबागा जगल्या. यंत्र माणसाच्या कामी कसं येतं, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

त्याच म्हैसाळमध्ये मार्च 2017 मध्ये पोलिसांनी ओढ्याकाठची जमीन उकरली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुरलेले 19 भ्रूण बाहेर काढले. सांगली जिल्ह्यातलीच एक तरुण विवाहिता तिथल्या खासगी दवाखान्यात गर्भपातानंतर दगावली, म्हणून हे उजेडात आलं. दवाखाना चालवणाऱ्याकडे पदवी होमिओपॅथीची होती. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकात गेले.

हे एका दवाखान्याचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. मुलगी आहे का हे पाहून गर्भ पाडण्याची, ओढ्यापर्यंतची ही वाट चाळीसेक वर्षांत तयार झाली, आणि ती जाणत्या माणसांच्या डोळ्यांदेखत झाली.

सोनोग्राफीची सुरुवात निर्मळ होती. धातूतल्या भेगा शोधायला कारखान्यात वापरायचं ध्वनिलहरींचं यंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पोटातल्या गाठी तपासायला वापरलं. त्यांचा निबंध 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आडवं मूल, जुळं, खाली सरकलेली वार हे सगळं बाळंतपणाआधी दिसू लागलं आणि जगभर कितीतरी बायका वाचल्या. डोनाल्ड स्वतः गर्भपाताचे विरोधक होते.

आपल्याकडे आधी आली ती गर्भजल परीक्षा, म्हणजे गर्भाभोवतालचं पाणी सुईनं काढून तपासणं. जन्मजात दोष शोधण्यासाठी 1970च्या दशकात ती सुरू झाली आणि बघता बघता मुलगा की मुलगी हे सांगण्याचा धंदा झाली. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी तिच्या वापरावर बंदी आली, खासगी दवाखाने मोकळे राहिले. आज काही शे रुपये घाला, उद्याचा लाखोंचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. डॉ. संजीव कुलकर्णींनी 1986 मध्ये मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून पाहिलं, तर 42 जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. त्याच सुमारास स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले, आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. या गोष्टीचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.

पण कायद्याची शाई वाळते न वाळते तोच सोनोग्राफी तालुक्यांपर्यंत पोचली. आता सुई नको, दवाखान्यात राहणं नको, पाच मिनिटांचं काम. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू झाला 1996 मध्ये. तो कागदावरच राहिला म्हणून ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडे मागच्या पाच वर्षांतल्या ग्राहकांच्या याद्या मागितल्या. म्हणजे तोवर यंत्र कुणाच्या हाती पडलं याचा हिशेब सरकारदरबारी धड नव्हता. तंत्रज्ञान तटस्थ असतं, वापरणाऱ्यानं पाहावं, असं म्हणणाऱ्यांनी या याद्या डोळ्यांपुढे आणाव्यात. विकणाऱ्याला बाजार दिसत होता. 2003 च्या दुरुस्तीनं विक्रीवर बंधन आलं, तेव्हा 2001 ची जनगणना होऊन गेली होती: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात 851 मुली. शेजारच्या कोल्हापुरात 839. ऊस, दूध, साखर कारखाने आणि शाळा-कॉलेजांचा हा पट्टा. गरिबी आणि अडाणीपणावर बोट ठेवून इथं कुणाला सुटता येणार नाही.

साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर बायकांना सोबत घेऊन डॉक्टरांना रंगेहाथ पकडलं. त्या बायकांचं धाडस मला कुठल्याही कायद्यापेक्षा मोठं वाटतं. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं उपकरण जोडायला लावलं, ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’. रेडिओलॉजिस्ट न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. त्या वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूर 863 वर आलं, सांगली 867 वर. त्याच दशकात बीड मात्र 894 वरून 807 वर घसरलं.

मर्यादा घालतानाही हात चुकतो, हे सांगितलं पाहिजे. धाडींच्या धास्तीनं औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं टाळलं, आणि 1971 च्या कायद्यानं मिळालेल्या सुरक्षित गर्भपातासाठीही बायकांना वणवण करावी लागली. बंधन हवं होतं लिंग सांगण्यावर; भीती बसली गर्भपातावर. याचा फायदा म्हैसाळसारख्या दवाखान्यांनाच मिळतो, कारण नीट दवाखान्यात दार बंद दिसलं की बाई नाइलाजानं तिकडे वळते.

तरीही मला मर्यादा हवी, आणि ती यंत्र गावात येण्याआधी हवी. प्रत्येक वेळी आपण दहा-पंधरा वर्षं मागे राहिलो, आणि त्या उशिराची किंमत जन्माला न आलेल्या मुलींनी मोजली.

आता आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए सापडतो. हाँगकाँगचे डेनिस लो यांनी 1997 मध्ये हे दाखवलं. दहाव्या आठवड्यात घेतलेल्या रक्तावरून गंभीर दोषांची शंका कळते, त्यासाठी ही तपासणी मोलाची आहे. पण मुलगा की मुलगी हेही तिच्यातून कळतं. सोनोग्राफी यंत्राला निदान सील ठोकता येत होतं. रक्ताची नळी कुरिअरनं कुठंही जाते, आणि कवठे महांकाळहून कर्नाटकची हद्द काही फार लांब नाही. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेनं लिंगाची माहिती अहवालात तर नाहीच, आपल्या संगणकातही ठेवू नये, आणि परवान्याची ती पहिली अट असावी. ही मागणी आज करायची आहे, पुढच्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत थांबायचं नाही.