कलाशा बोलीतील भूतकाळ : पाहिलेला आणि ऐकलेला

पाकिस्तानातील चित्रालच्या दक्षिण भागात, हिंदुकुश पर्वताच्या कुशीत, बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर ही तीन अरुंद खोरी आहेत. तेथील कलाश समाजाची बोली म्हणजे कलाशा. तिचे भाषक अवघे काही हजार आहेत.

ग्रियर्सन यांनी १९०६ साली वायव्येकडील अशा भाषांना ‘पिशाच भाषा’ हे नाव देऊन आर्य भाषाकुलात त्यांची एक स्वतंत्र शाखा कल्पिली. पैशाची म्हटले की मराठी अभ्यासकास प्रतिष्ठानच्या सातवाहनसभेतील गुणाढ्य आणि त्याची ‘बृहत्कथा’ आठवते. परंतु या नावाने कलाशाचे स्वरूप उलगडत नाही. नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टिएर्न यांनी १९२९ मध्ये चित्रालमध्ये प्रत्यक्ष अभ्यास केला. कलाशादी दार्दी भाषा भारतीय आर्यच आहेत, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मराठीत ‘तीन’, ‘आठ’ अशी रूपे झाली. कलाशात मात्र ‘त्रे’, ‘अष्ट’ ही जोडाक्षरे टिकून आहेत.

याहून महत्त्वाची साक्ष क्रियापदाची आहे. संस्कृतात ‘अगच्छत्’, ‘अपठत्’ या रूपांच्या आरंभी येणारा भूतकाळवाचक ‘अ’ हा आगम मराठीतून लोपला. मराठीचा भूतकाळ ‘गत’, ‘कृत’ अशा धातुसाधितांवरून घडला. म्हणूनच ‘रामाने पोथी वाचली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कलाशाने व शेजारच्या खोवार भाषेने तो आगम जपला आहे. तेथे भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनाप्रमाणे बदलते.

या आगमयुक्त रूपाचे कार्यही विशेष आहे. बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली वा अनुभवलेली घटना त्याने सांगितली जाते. ऐकीव किंवा अनुमानाने कळलेल्या घटनेसाठी धातुसाधितावर आधारलेले निराळे रूप योजतात. ‘पाऊस पडला’ एवढ्यावरून तो बोलणाऱ्याने पाहिला की नाही, हे मराठीत कळत नाही. त्यासाठी ‘म्हणे’ जोडावे लागते. पाणिनीनेही न पाहिलेल्या भूतकाळासाठी ‘लिट्’ सांगितला आहे. कलाशातील परोक्ष रूप त्या ‘लिट्’चा वारसा नव्हे, त्याची घडण वेगळी आहे. तथापि प्रत्यक्ष आणि परोक्ष यांतील भेद व्याकरणानेच दाखविण्याची वृत्ती दोहोंकडे आढळते.

आज ही बोली संकटात आहे. धर्मांतराबरोबर अनेक कुटुंबे कलाशा सोडून खोवारकडे वळली आहेत. २००० नंतर रोमन लिपीवर आधारलेली वर्णमाला स्वीकारून कलाशा लिहिण्याचे प्रयत्न सुरू झाले. सूर्याचे निरीक्षण करून कालगणना करण्याच्या ‘सूरी जगेक’ या कलाश परंपरेचा युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने रक्षणीय वारशाच्या यादीत समावेश केला. मात्र हे ज्ञान पिढ्यानुपिढ्या मौखिक परंपरेनेच चालत आले आहे. बोली लोपली तर केवळ शब्दसंग्रह नष्ट होणार नाही; सूर्य अमुक शिखरापाशी आपण स्वतः पाहिला की पूर्वजांकडून ऐकला, हे एका क्रियारूपाने सांगण्याची सोयही तिच्याबरोबर लोपेल.